गुणीची पाठवणी: कोल्हापूर ते घाट, हरणांच्या ट्रकामागून

कोल्हापूरला जायचं म्हटलं की माझी तयारी पोटापासून सुरू होते. २००७ च्या डिसेंबरातही मी तशीच निघाले होते. मिसळ खायची, तांबडा-पांढरा ओरपायचा, रंकाळ्यावर भेळ हाणायची आणि मधल्या वेळात धाकट्या भावाच्या प्राणीसंग्रहालयात नवा आलेला बिबट्या बघायचा. फोटो काढून ऑर्कुटवर टाकायचे, मैत्रिणींना जळवायचं. माझा भाऊ सतीश तिथं जनावरांचा डॉक्टर आहे. संग्रहालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याची नोकरी टिकावी एवढीच बहिणीची इच्छा.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून स्वारगेटला निमआराम एसटी धरा, दीडशेच्या आसपास तिकीट पडतं. हायवे आता चौपदरी झालाय, त्यामुळे पाठ शाबूत राहते. गाडी पुढं जाणारी असेल तर कोल्हापूरच्या अलीकडे डोळा लागू देऊ नका, नाहीतर उठाल तेव्हा कर्नाटकात असाल. मी शाहूपुरीत उतरून आधी मिसळ खाल्ली, वीस रुपयांत घाम फुटला, आणि मग सतीशच्या जीपमधून थेट बिबट्याकडे.

बिबट्याचं घर झकास बांधलं होतं. जाड काच, सिमेंटचे खडक, वरून पाणी सोडायची सोय. आत तो एका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. उसाच्या फडात सापळ्यात सापडलेला, मागचा पाय कायमचा अधू झालेला, म्हणून परत जंगलात सोडता येत नव्हता. चार दिवसांनी उद्घाटन होतं, मांडव घालायचं काम चाललं होतं.

पण माझं लक्ष शेजारी गेलं. हरणांचं आवार. पूर्वी तिथं लांबलचक कुरण होतं. आता हरणं एकमेकांना खेटून पलीकडच्या जाळीला चिकटली होती. दोन नरांची शिंगं मोडलेली, एकाच्या कुशीवर जखम.

"एवढी हरणं? मागच्या वेळी निम्मी तरी होती का?"

"मागच्या वेळी जागा दुप्पट होती, ताई," सतीश म्हणाला. "निम्मी जागा बिबट्याला गेली. आणि त्याचा वास दिवसभर यांच्या नाकात. खात नाहीत, झोपत नाहीत, नुसती जाळीवर आपटतात."

मला राग आला. मग आधी का नाही काही केलं? तोही चिडला. नर वेगळे ठेवूया असं तो दोन वर्षं सांगत होता. पण इथं पाडस झालं की पेढे वाटायचे, पेपरात फोटो यायचा, पाडसाचं बारसं करायला लोक यायचे. समितीतल्या एकानं त्याला सुनावलं होतं, "डॉक्टर, जोड्या फोडायचं पाप कशाला डोक्यावर घेताय?" पाप टळलं, हरणं वाढत गेली.

आता घाटाकडच्या जंगलात, जंगलखात्यानं कुंपण घातलेल्या मोठ्या कुरणात काही हरणं न्यायची होती. काही महिने ती तिथं राहणार, मग फाटक उघडायचं.

"फाटकाबाहेर बिबटे असतील की."

"आहेत. त्यांना तिथं खायला काही उरलेलं नाही, म्हणून तर हरणं हवीत."

एवढं सरळ उत्तर मला नको होतं. फाटकावर घेतलेला खरवस माझ्या हातात तसाच राहिला. सतीश म्हणाला, "इथं ठेवली तर एकमेकांना मारतील. तिथं निदान पळायला जागा आहे. तू सांग, तू काय केलं असतंस?" मी खरवसाचा द्रोण त्याच्याच हातात कोंबला.

न्यायच्या कळपात गुणी नावाची हरणी होती. आई मेल्यावर दोन दिवसांचं ते पाडस तिथल्या रखवालदाराच्या आईनं, कसबा बावड्याच्या आक्कांनी, घरी नेऊन शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. मोठी झाल्यावर गुणी आवारात परत आली, पण आक्का रोज भाकरी घेऊन यायच्या आणि ती जाळीतून तोंड काढायची. आता ती गाभण होती, पहिल्यांदाच. सतीशचं म्हणणं, न्यायची तर आत्ताच, अजून पोट हलकं आहे तोवर. ठेवली तर तिचं पाडस पुढच्या वर्षी याच ट्रकात चढवावं लागेल. पण हरणाची जात, भ्याली की उभ्या उभ्या मरते. तेवढी एकच धास्ती त्याच्या तोंडावर होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास ट्रक निघाला. हरणं चढवायची रीत बघण्यासारखी होती. कुणी पकडलं नाही, हात लावला नाही. महिनाभर ट्रक आवारातच उभा होता आणि उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, त्याच्याच आत टाकायचं. हरणं खायला आपण होऊन चढायची. त्या पहाटे ती तशीच चढली, मागचा दरवाजा सावकाश लागला, वरून काळी ताडपत्री.

आक्का फाटकात थांबल्या होत्या. हातात हिरवा खण, नारळ, तांदूळ. सतीश काही बोलायच्या आत त्यांनी ट्रकच्या मागच्या फळीला खण-नारळ बांधला आणि बोटं कडाकडा मोडली.

"आक्का, हे कशाला?"

"पोटुशी लेक सासरी चालली, वटी भराय नगं? भरल्या वटीनं जाऊ दे की." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "डाक्टर, पैल्या बाळातपणाला म्हायारी आणशीला न्हवं?"

सतीश म्हणाला, "व्हय, आणतो की."

जीपमध्ये बसल्यावर मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "काय सांगायला पाहिजे होतं?" असं म्हणून त्यानं गाडी चालू केली.

शहर झोपेत होतं. रंकाळा, फुलेवाडी मागे पडली आणि गगनबावड्याचा रस्ता लागला. रस्ता देखणा, दोन्ही बाजूला ऊस. पण गळिताच्या दिवसांत या बाजूला जायचं तर वेळ हातात ठेवा, उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग संपता संपत नाही. कर्णा वाजवायचा नाही, ही ड्रायव्हरला सक्त ताकीद. आम्ही त्याच्या मागून बैलांच्या चालीनं चाललो होतो. दर खड्ड्याला सतीश खिडकीतून डोकं काढून ट्रकच्या फळीकडे बघायचा. मला भूक लागली होती आणि ते बोलायचीही लाज वाटत होती.

एका बाजाराच्या गावात, ऐन चौकात, ट्रकचं मागचं चाक बसलं.

ड्रायव्हर जॅक लावतोय तोवर मागच्या फळीवरचा खण कुणीतरी बघितला. "पावणं, नवरी हाय का द्येव हाय आत?" ड्रायव्हर बिचारा सरळ माणूस. "हरणी हाय, पोटुशी," म्हणाला. झालं! भाजीच्या पाट्या सोडून बायका उठल्या. कुणी हळदकुंकू काढलं, कुणी पोराला खांद्यावर घेतलं. "दावा की वाईच!" "वर करा की ती ताडपत्री!" ट्रकला चारी बाजूंनी माणसं भिडली. आतून खुरांचा खडखड आवाज आला, मग फळीवर एक जोराची धडक.

सतीश गर्दीत घुसला. "मागं सरा, मरतील ती!" म्हणून ओरडला, तर लोक आणखी पुढं. डॉक्टर ओरडतोय म्हणजे आत नक्की बघण्यासारखं काहीतरी आहे! त्यातच पलीकडच्या गल्लीतून कुस्तीच्या मैदानाला चाललेले हलगीवाले वाजवत चौकाकडे येताना ऐकू आले. ती हलगी चौकात पोचली असती तर आतलं एकही हरीण वाचलं नसतं.

मी जीपच्या बॉनेटवर चढले. नजर लागते वगैरे गोष्टींवर मी सासरी इतकी भांडलेय की सासूबाई अजून तो विषय काढत नाहीत. पण त्या क्षणी माझ्या तोंडातून माहेरची भाषाच आली. "अवो बायांनो, पैलटकरीण हाय ती! एवढ्या नजरा पडल्यावर टिकंल का पोटातलं? तुमच्या लेकीला अशी चौकात उभी करून दावाल का?"

मग वांग्याच्या पाटीमागून एक म्हातारी उठली आणि तिनं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज लावला, "फिरा की तिकडं! तोंडं फिरवा समद्यांनी! आणि त्या हलगीवाल्याला सांगा, वाजीवलीस तर टिपरी मोडून हातात दीन!"

आणि बाजार फिरला. हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितेय. बाया, बाप्ये, चहावाला, सगळ्यांनी ट्रककडे पाठ केली. हलगीवाला हलगी काखेत मारून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्हातारीनं आपलं घोंगडं फळीच्या फटीवर टाकलं, स्वतः मान वळवून. चाक बदलेपर्यंत त्या चौकात फक्त पान्याचा आवाज होता. आतली खुरं हळूहळू थांबली. थांबली म्हणजे शांत झाली की आणखी काही, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

कुरणात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ठिकाणाचं नाव विचारू नका, तुम्ही गाडी काढून निघाल आणि मग सगळंच मुसळ केरात. ट्रक मागे घेऊन दरवाजा उघडला आणि आम्ही झाडाआड गेलो. बराच वेळ काही नाही. मग एक मादी उतरली, दोन उड्यांत गवतात. मग बाकीची, भसाभस. सर्वात शेवटी गुणी. ती फळीवर उभी राहून आमच्याच दिशेनं बघत होती. भाकरीची वाट बघत असावी. ड्रायव्हरशेजारी बसून आलेल्या रखवालदाराचा हात भाकरीसाठी खिशाकडे गेला, सतीशनं तो धरला. गुणी उतरली आणि रमतगमत, वळून वळून बघत, कळपाच्या मागं गेली.

ट्रकात एक कोवळा नर पडलेला होता. अंगावर ओरखडा नाही, डोळे उघडे.

"हलगीनं?" मी विचारलं.

"हलगीनं, गर्दीनं, माझ्यामुळं, कशानंही." सतीश ट्रकच्या फळीवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. येताना गगनबावड्याच्या बाजूला गरम भजी मिळतात असं मी या ब्लॉगसाठी लिहून ठेवलं होतं. मिळत असतील, आम्ही थांबलो नाही.

बिबट्याचं उद्घाटन मी पाहिलं नाही, त्याच रात्री पुण्याची एसटी धरली. फोटोही टाकले नाहीत. नंतर सतीशनं फोनवर सांगितलं की गर्दी तुफान आहे आणि समिती आता बिबट्याला जोडीदारीण आणायचं म्हणतेय.

"आणि पिल्लं झाली तर कुठं ठेवणार?"

"तेच विचारून आलोय. म्हणाले, आधी पेढे तर वाटू."

या वेळी त्यानं लेखी विरोध नोंदवलाय. काय होईल माहीत नाही.

आक्का मात्र त्याला सोडेनात. दिवस भरत आले, लेकीला कधी आणताय? शेवटी खोटं बोलणं असह्य होऊन एक दिवस तो त्यांना जीपमध्ये घालून कुरणावर घेऊन गेला. फाटक उघडायचं अजून बाकी होतं. पुढचं मला आक्कांनीच फोनवर सांगितलं.

गुणी दिसली, लांब, झाडाखाली. पायाशी ठिपक्यांचं पाडस. आक्कांनी भाकरी काढली आणि नेहमीसारखी हाक मारली. गुणीनं मान वर केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला, शेपूट उभी करून एकदाच कर्कश ओरडली आणि पाडसाला घेऊन रानात दिसेनाशी झाली.

"वळखलं न्हाय गं मला," आक्का म्हणाल्या. मग त्यांनी नाक ओढलं. "डाक्टर म्हनला, मला भ्याली म्हंजी वाघरालाबी भिईल. मग मी बी मोठ्यांदा आरडलो, पळ गं बये, आनि लांब पळ."