चार बोटं माती

सिंगापुरात माती मिळत नाही. झाडं बघावी तिकडं, गवत कापायला सुद्धा माणसं ठेवलेली, पण घमेलंभर साधी माती मागायला गेलं तर कुणी देत नाही. मी आठवडाभर हिंडले. दुकानात पिशवी मिळते, वर रोपाचं चित्र, आत नारळाचा भुसा आणि काळं काहीतरी. मुठीत दाबलं की परत फुगून येतं. त्याला माती कसं म्हणायचं? ब्लॉकजवळच एक इमारत उठत होती, तिथं लालभडक मातीचा डोंगर दिसत होता, पण पत्र्याच्या आत. पहाऱ्यावरच्या माणसाला हिंदीत विचारलं, तर तो म्हणाला, मांजी, इथून खडा जरी गेला तरी माझी नोकरी जाईल.

माती पाहिजे होती नातीच्या भिंतीसाठी. नात तेरा वर्षांची, माझ्या पोराची एकुलती एक. तिच्या शाळेत चीनच्या जुन्या राजांचं शिकवत होते, घराणी कशी वर आली आणि कशी बुडाली. चौघींचा गट केलेला, एकेकीनं काहीतरी बनवून आणायचं आणि त्यावर वर्गात बोलायचं. बाकीच्या तिघींनी राजाच्या कबरीतले शिपाई घेतले, रथ घेतला, सोन्याचे दागिने घेतले, आणि हिच्या गळ्यात चीनची भिंत मारली. वर, राज्य का बुडालं हे पण तूच बोल म्हणाल्या. ही वर्गात तोंड उघडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ही अडखळली तर चौघींचे मार्क जाणार, आणि पुढच्या वेळी हिला कुणी गटात घेणार नाही. पोरगी चार दिवस धड जेवली नाही.

पोरानं आपला तोडगा काढला. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात बसल्या बसल्या फोनवरून थर्माकोलची भिंत मागवली, वर दगडांचं चित्र छापलेली. नातीनं डबा उघडला आणि परत बंद केला. म्हणाली, "आजी, चूक आहे हे. पहिल्या राजाची भिंत बरीचशी मातीची होती. माती ठोकून ठोकून केलेली. दगड नंतर आला."

मी म्हणलं, "मातीचं ठोकायचं काम मला येतं. मी करून देते तुला."

पोरगा म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस." दहा वर्षं झाली मला इथं येऊन, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असंल. मशीनला हात लावू नकोस, दार उघडू नकोस, लिफ्टमधे लोकांशी बोलू नकोस. आता यात पडू नकोस. पण शब्द तर देऊन बसले होते.

माती शेवटी दिली खालच्या चिनी म्हातारीनं. ब्लॉकच्या मागं लोकांना भाजी लावायला चौकोन आखून दिलेत, त्यातला एक तिचा. रोज सकाळी आम्ही एकमेकींकडं बघून मान हलवायचो, त्यापलीकडं भाषा नाही. नातीला शाळेत चिनी शिकवतात, तिला मी बरोबर नेलं. दोघींचं बोलणं झालं. म्हातारी हसली, मग वरची काळी माती बाजूला सारून हातभर खोल खणली आणि खालची लाल माती आम्हाला बादलीत भरून दिली. नात म्हणाली, ती विचारतेय तुझ्या आजीला कशाला पाहिजे. मग म्हणाली, मी तिला सांगितलं भिंतीला. तर ती म्हणतेय, माझ्या बापाचं घर असल्याच मातीचं होतं.

माती बघायची रीत असते. थोडं पाणी शिंपडायचं, मूठ वळायची आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकायची. पसरली तर पाणी जास्त. पीठ झालं तर कमी. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर. नातीला हे लई आवडलं, तिनं वीस गोळे टाकून बघितले, घरातल्या फरशीवर. सुनेनं बघितलं. ती नोव्हेनाच्या दवाखान्यात दिवसभर उभी असते, दमून येते, तिलाही काय बोलायचं. बोलली नाही, फडकं घेऊन पुसायला लागली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन फळ्या समोरासमोर बांधल्या, मधे चार बोटांची फट, त्यात दोन बोटं माती टाकायची आणि ठोकायची. थर दगडासारखा वाजायला लागला की पुढचा. माती ठोकायचा धुमस कुठून आणणार, खलबत्त्यातला बत्ता घेतला. दहा मिनिटांत खालच्या घरातला माणूस दारात. आवाज होतो म्हणाला. मग आम्ही सगळं उचलून भाजीच्या चौकोनापाशी गेलो आणि तिथं ठोकत बसलो. चिनी म्हातारी प्लास्टिकचं स्टूल घेऊन शेजारी बसली. तिला काही काम नव्हतं, पण उठली नाही.

ठोकता ठोकता नात मला धडा सांगायची. आधी बरीच राज्यं होती, छिन राजानं एकेक करून सगळी गिळली. सगळ्या मुलखाला एक माप, एक वजन, गाड्यांच्या चाकांत सुद्धा सारखं अंतर. रस्ते, भिंत, स्वतःची कबर, सगळ्याला माणसं धरून आणली. आणि राज्य किती टिकलं, तर पंधरा वर्षं. 

"एवढंच?" मी म्हणलं. "आणि मग?"

मग म्हणे नऊशे माणसांची टोळी सरहद्दीवर कामाला निघाली होती. वाटेत पावसानं रस्ता बंद झाला. वेळेवर पोचायचं नाही हे कळलं, आणि उशिराला शिक्षा काय, तर मरण. तेव्हा ती माणसं म्हणाली, गेलो तरी मरणार, उठलो तरी मरणार. आणि उठली. तिथून राज्य ढासळलं. पुढं हान घराणं आलं, चारशे वर्षं चाललं. त्याचा पहिला राजा म्हणे आधी मुकादमच होता. कबरीच्या कामाला कैदी घेऊन चालला होता, अर्धे वाटेत पळाले, तेव्हा यानं उरलेल्यांना पण सोडून दिलं आणि आपणही रानात गेला.

"असला मुकादम मला नाही भेटला," मी म्हणलं.

ती म्हणाली, "तुला कुठला मुकादम?"

तिला काही माहीत नव्हतं. पोरानं कधी सांगितलं नव्हतं, मीही नव्हतं. मग सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं. मी एकोणीस वर्षांची, हिचा बाप नऊ महिन्यांचा. तीन काठ्या उभ्या करून त्याला लुगड्याची झोळी बांधायची आणि मी आणि माझी सासू खड्ड्यात उतरायचो. ती टिकाव मारायची, मी घमेली वाहायची. दुपारी सुकडी मिळायची, सरकारनं वाटलेलं भाजकं पीठ, ती मी पाण्यात कालवून याला भरवायची. एकदा अवकाळी पावसानं वाटेवरचा ओढा भरून आला, आमची टोळी उशिरा पोचली. मुकादमानं सगळ्यांची गैरहजेरी मांडली. आम्ही दिवसभर बांधावर बसून राहिलो आणि संध्याकाळी घरी गेलो.

"अँड देन?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवशी लवकर निघालो."

"तुम्ही उठला नाहीत?"

मी म्हणलं, आम्हाला मारत नव्हते बाई, गैरहजेरी मांडत होते. मरण मांडलं असतं तर उठलो असतो की नाही, मला नाही माहीत.

तिला बोलायला काहीतरी मिळालं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. विचारत सुटली. खड्डा किती खणला हे मोजायचे कसे? मी बादलीतच करून दाखवलं. खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवायचा, त्याच्या डोक्यावर मूळ जमिनीचं गवत असतं. खांब जेवढा उंच तेवढा खड्डा खोल. माप घेणारा कारकून तेवढाच बघतो. माप भरलं नाही तर दिवस बुडाला.

आणि मग लबाडी पण सांगितली. एक दिवस सासूला ताप होता, माप भरंना. खांबाच्या डोक्यावरचं गवत मातीसकट अलगद उचललं, खाली चार बोटं ओली माती थापली आणि गवत परत वर बसवलं. कारकून आला, बघितलं, आणि बुटानं खांबाचं डोकं उडवलं. टोपी काढल्यासारखं गवत खाली पडलं. कुणी केलं म्हणाला. आठ दिवस हजेरीतून नाव काढलं.

"कुणी केलं होतं?" नातीनं विचारलं.

मी म्हणलं, "तुझ्या पणजीनं."

ते खोटं होतं. ती माती मी थापली होती. कारकुनानं विचारलं तेव्हा मी घमेलं धरून उभी राहिले, आणि सासू अंगात ताप असताना पुढं झाली, मी केलं म्हणाली. पन्नास वर्षं मी ते कुणाला बोलले नाही, आणि आता बोलायची वेळ आली तर पुन्हा तिच्याच डोक्यावर टाकलं. लेकराशी सुद्धा खरं बोलता येईना, इतका माझा मला राग आला की त्या दिवशी पुढचा थर नीट ठोकलाच नाही.

त्याचं फळ मिळालं. भिंत घरात आणून ठेवली, रात्रभर एसी चालू, सकाळी मधोमध तडा, आणि दुपारी अर्धी भिंत बसली. बुधवार होता, शुक्रवारी शाळेत दाखवायची होती. पोरगा म्हणाला, थर्माकोलची आहे ना, ती ने. मी म्हणलं, घरात गोठवून मारायची तुमची सवय, माती तरी कशी जगंल. तोही चिडला. मग खरं बोलला. म्हणाला, "आई, भिंतीचं एक वेळ ठीक आहे. पण ते खड्ड्यांचं, सुकडीचं तिला वर्गात सांगू देऊ नकोस. तिथं सगळ्यांचे आईबाप बँकांतले आहेत."

मी म्हणलं, "तू पण बँकेतलाच आहेस. त्याच सुकडीवर मोठा झालास."

तो बूट घालून खाली गेला.

आम्ही दोघींनी दुसरी भिंत केली. या वेळी प्रत्येक थर मी वाजवून बघितला. ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली, आणि ठेवली चिनी म्हातारीच्या दारात, तिच्याकडं एसी नाही. शुक्रवारी सकाळी टबात घालून एमआरटीनं, इथल्या मेट्रोनं, नेली. एक बाजू मी धरली, एक तिनं. एका बाईनं विचारलं हे काय, तर नात इथल्या पोरींसारखा हेल काढून म्हणाली, "वॉल, ला." फाटकापाशी मला थांबायला सांगितलं, टबाची माझी बाजू पहारेकऱ्यानं धरली आणि ती आत गेली. तिच्या दुसऱ्या हातात एक बादली होती, झाकलेली. मी विचारलं नाही.

दुपारी परत आली ती रडत. मला वाटलं भिंत पडली. भिंत पडली नव्हती, बाईंनी वर उभं राहू का विचारलं इतकी घट्ट होती. बोलायचंही चुकलं नव्हतं. पाऊस, नऊशे माणसं, कैदी सोडून देणारा मुकादम, सगळं न अडखळता बोलली. आणि मग तिनं ती बादली उघडली. आत खड्डा, मधोमध खांब, डोक्यावर गवत. वर्गाला म्हणाली, यात लबाडी आहे, शोधा. कुणाला सापडली नाही. मग तिनं बोटानं खांबाचं डोकं उडवून दाखवलं, आणि सांगितलं, माझ्या पणजीनं असं केलं होतं. राजानं सगळ्यांना एक माप दिलं तर माणसं काय करतात ते बघा. बाईंनी टाळ्या वाजवल्या. आणि गटातलीच एक पोरगी म्हणाली, "सो युवर फॅमिली चीट्स."

मार्क चांगले मिळाले. पण ती ते सांगतच नव्हती. ती म्हणत होती, "आजी, पणजीला सगळे हसले. माझ्यामुळं."

पोरगा त्या दिवशी घरूनच काम करत होता. तो दारात येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडावर होतं, मी सांगितलं होतं ना. मला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच नाही. 

"पणजीनं नाही केलं ते," मी म्हणलं. "मी केलं. ती फक्त म्हणाली, मी केलं."

नातीनं डोळे पुसले. म्हणाली, "मग तू सांगितलं का नाहीस?"

"नाव काढलं असतं माझं. तुझा बाप अंगावर पीत होता. सुकडी कामावरच मिळायची." एवढं बोलले आणि कळलं की हे पण पूर्ण खरं नाही. "आणि भ्याले. ती पुढं झाली, मला बरं वाटलं."

आत मशीन फिरत होतं. पोरगा खुर्ची ओढून बसला, किती वर्षांनी माझ्यासमोर असा बसला असंल. नात म्हणाली, सोमवारी मी बाईंना खरं सांगणार, आणि त्या मुलीला पण. मी म्हणलं, सांग. माझं नाव घेऊन सांग.

मग पोरगा म्हणाला, "आठ दिवस माझी आजी कामावर नव्हती, तर काय केलं तिनं?"

"तुला सांभाळलं. तापातच. मी कामावर, आणि तू तिच्यापाशी घरी. माझी सुकडी मी पदरात बांधून आणायची."

"मला कधी बोलली नाही ती हे."

"मलाही नाही बोलली," मी म्हणलं. "त्यानंतर वीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आम्ही. एकदा बोलायला पाहिजे होती. भांडायला पाहिजे होती. मी रोज वाट बघायची, आज बोलंल, आज बोलंल. ती आपली भाकरी थापत बसायची."