बेटावरची झडती

कसबा बावड्यातल्या केरबाच्या लेकीला, क्रांतीला, लोक अजून ‘मासे मोजायला गेलेली’ म्हणतात. म्हणू देत. बापाच्या विहिरीत पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेली ही पोरगी आज अंदमानातल्या एका राखीव बेटावर वनखात्याच्या नोकरीत आहे. समुद्राच्या तळाशी उतरून प्रवाळ जगतंय की मरतंय ते बघते. आमच्या गल्लीतलं दुसरं कोण पंचगंगेच्या पुढं पाण्यात उतरलंय, सांगा.

यंदाच्या हिवाळ्यात केरबा लेकीला भेटायला निघाला आणि सोबतीला मला ओढलं. सकाळी तिनं आम्हा दोघांनाच काचेच्या तळाच्या होडीतून खालचा संसार दाखवला. प्रवाळाची रानंच्या रानं, ती कुरतडणारे रंगीत मासे, आणि कसलीच घाई नसल्यागत पोहणारं कासव. इथं समुद्री गायही असते म्हटल्यावर केरबानं ती दूध किती देते ते विचारलं. क्रांती पोट धरून हसली.

दुपारी ती कामाला गेली नि आम्ही वाळूत फिरलो. तिथं केरबाला मुठीएवढा सुरेख शंख सापडला. परगावाहून रिकाम्या हातानं परतायचं नाही, देवघरात काहीतरी आणून ठेवायचं, ही आपली रीत. त्यानं तो टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला. बेटावरचा खडाही न्यायचा नाही, असं लेकीनं बजावलं होतं. मी आठवण करून दिली, तर म्हणतो, मेलेला शंख, कुणाचं काय जातंय.

परतीच्या धक्क्यावर क्रांती प्रत्येकाची पिशवी तपासत होती. शिंपले, प्रवाळाचे तुकडे निघत होते, लोक कुरकुरत होते. बापाला सोडलं तर मागच्यांना ती कोणत्या तोंडानं अडवणार? आणि अडवलं तर केरबा जन्मभर बोलायचा नाही. त्याचा राग अख्ख्या बावड्याला ठाऊक आहे.

“आबा, पिशवी उघडा,” ती हळू म्हणाली.

तिनं शंख पालथा केला, तर आतून एका खेकड्यानं पाय बाहेर काढले. रिकाम्या शंखात हे खेकडे बिऱ्हाड थाटतात, म्हणाली. जिथनं उचलला तिथंच ठेवून या, होडी थांबेल. समोर बाप होता, पण ती मागं हटली नाही. खरं सांगतो, त्या घडीला मला तिचा फार अभिमान वाटला.

केरबा शंख घेऊन भर उन्हात किनाऱ्याच्या पार टोकाला गेला. त्याला जाताना बघून मागच्या लोकांनी न सांगता पिशव्या उघडल्या.

तो परतून होडीत बसला, तेव्हा शेजारचे एक गृहस्थ हळहळले. म्हाताऱ्या माणसाला उन्हात पिटाळलं, माणुसकी म्हणून नाही या बाईला, म्हणाले.

केरबानं त्यांच्याकडं मान वळवली.

“पावणं, माझीच पोरगी हाय ती. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा न्हाय, हे मीच शिकीवलंय तिला. आज मलाच इसर पडला.”