शेवग्याला टांगलेला आरसा

माझ्या हातून झालेला घोटाळा आज सांगूनच टाकतो. फक्त चहा संपेपर्यंत हसायचं नाही, एवढं कबूल करा!

पन्नास सालानंतरची गोष्ट. एटापल्लीकडच्या एका गावात मी जंगलखात्याचा नकलनवीस होतो. म्हणजे हुकूम आणि नकाशे यांच्या नकला करणारा बाबू, तोही कच्चा, म्हणजे हंगामी. अक्षर मात्र असं की पाहणाऱ्यानं पाहत राहावं! मजकुराशी मला काही देणंघेणं नसायचं. वेलांटीचा डौल साधला की माझा दिवस सोन्याचा.

त्या उन्हाळ्यात कचेरीच्या छपराचे कवेलू उतरवले होते, म्हणून काम घरी आणलं. रेंजरसाहेबांनी बजावलं, "गुरुवारी चार वाजता मी स्वतः नकाशा न्यायले येतो. साफ निघाला तर तुमची शिफारस, पक्की नोकरी. एक डाग पडला तर विसरा!"

आता आमचं घर कसं? एक खिडकी, तीही छपराखाली दबलेली. भरदुपारी चष्मा शोधायला दिवा लावायचा! अन् नकाशाच्या रेघा केसासारख्या बारीक.

"अवो, मेज खिडकीपाशी घ्या न," यशोदा, माझी बायको, म्हणाली. "समोरच्या भिंतीले मी छुई मारून देते."

तिनं त्या पांढऱ्या मातीचे दोन हात मारले, मी मेज सरकवलं, अन् काय सांगू, खोली उजळली! शहाण्या माणसानं इथं थांबावं की नाही?

मी थांबलो नाही. यशोदेचा लग्नातला आरसा उचलला आणि अंगणातल्या शेवग्याला असा टांगला की ऊन थेट मेजावर. वा!

गुरुवारी सकाळपासून बसलो. पण सूर्य काय माझा नोकर आहे? ऊन सरकलं की मेजावर अंधार. मी चिडून बाहेर जायचो, आरसा हलवायचो, परत यायचो. बाराच्या सुमारास तर हट्टालाच पेटलं बेणं. मी आरसा वर केला, खाली केला. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा जमलं. हुश्श!

शेवटची नदी काढून टाक पुसला, तोच घरामागच्या टेकडीवर ढोल वाजला.

त्या टेकडीवर लालसूदादा आणि त्याची माणसं उन्हाळाभर वणव्याची राखण करायची. ढोल वाजला म्हणजे आग! पानगळ झालेलं जंगल, वरून वारा. ठिणगी पडली तर गाव उरायचं नाही.

"यशोदा, पाणी भर!" मी नकाशा छातीशी धरून बाहेर धावलो. बाया घागरी घेऊन पळत होत्या, कोणी गुरं सोडत होतं. टेकडीवरून वीस माणसं हिरव्या फांद्या घेऊन धडधडत उतरली, ती थेट आमच्या अंगणात!

"कुठी लागली आग?" लालसूदादा धापा टाकत होता.

"मले काय विचारतं? ढोल तुम्ही वाजवला!"

"बलावलं तं तुमच्याइकडूनच!"

आपलंच घर पेटलं की काय? छपरावर चढलो, चूल पाहिली. धूर नाही, काही नाही. तेवढ्यात ढोल ऐकून घोडा दौडवत रेंजरसाहेब आले.

"सगळे इथी काऊन? टेकडीवर कोण आहे?"

कोणीच नव्हतं. खरंच वणवा लागला असता तर बघायलाही कोणी नाही! साहेबांचा चेहरा लाल झाला. लालसूदादानं बोट शेवग्याकडे केलं.

"आरसा तीन बार चमकला, साहेब. तीन बार म्हणजे गावात आग, समदे खाली या. हुकूमच हाये."

गप्प बसायला हवं होतं, पण तोंड कोणाचं ऐकतं? "साहेब, असा हुकूम मले कोणी सांगतलाच नाई! कोण्या गाढवानं काढला, कोण्या गाढवानं लिवला, मले काय माहीत?"

साहेबांनी चावडीवर डकवलेला हुकमाचा कागद मागवला आणि माझ्यापुढे धरला. काय ती वेलांटी! खाली बारीक अक्षरात 'नक्कल करणार', आणि माझी सही. अशा अकरा नकला मीच केल्या होत्या.

"बाबू," लालसूदादा हळूच म्हणाला, "आमाले वाचता येत नाई म्हणून चावडीवर तुमीच तं वाचून दाखवला होता."

जमीन दुभंगावी असं वाटलं. साहेबांनी माझ्या हातातून नकाशा ओढला, उलगडला, बराच वेळ पाहिला. एकही डाग नव्हता. "शिफारस करतो," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. माणूस देव होता हो!

पंधरा दिवसांनी शिपाई लखोटा घेऊन आला. कायम नोकरी! मी आनंदानं उडीच मारली. त्याच्या पोचपुस्तकात 'वाचून समजले' याखाली झोकात सही ठोकली, शिपाई गेला.

"काय लिवलं हाये, वाचा तरी," यशोदा म्हणाली.

वाचलं. 'यांना कायम करण्यात येत आहे. पावसाळ्यापर्यंत नेमणूक टेकडीवरील आगराखणीवर. येताना स्वतःचा आरसा आणावा.'