थिनर जातं कुठे

केमिकल इंजिनिअरिंगच्या सुरुवातीच्या एका तासाला मॅडमनी फळ्यावर चौकोन काढला. आत काय येतं, बाहेर काय जातं, आत काय साठतं. हिशोब जुळलाच पाहिजे. "वस्तू नाहीशी होत नाही," त्या म्हणाल्या. मग घरातलं एखादं काम घेऊन त्याचा असा मटेरियल बॅलन्स मांडून आणायला सांगितलं.

बाकावरच्या शेजारणीने चहा करणं निवडलं. मी आईचं काम घेतलं. आमच्याकडे तेच दिवसभर चालतं.

बोरिवलीला टेकडीखालच्या वस्तीत आमची एक खोली आहे. आई इमिटेशनच्या कानातल्यांवर खडे चिकटवते. गमचा डाग राहिला तर माल परत येतो, म्हणून थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने प्रत्येक नग पुसायचा. हे करताना फॅन बंद आणि दार लोटलेलं, कारण वाऱ्याने गम वाटीतच सुकतो आणि खडे सरकतात. आमच्या वस्तीतल्या सगळ्याच बायका असं करतात. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

मी आधी आईच्या पाटाभोवती चौकोन काढला. गम आत आला, कानातल्यांवर गेला. जुळलं. थिनर आत आलं, पण कानातल्यांवर ते नव्हतं. फडकं तर वाळून कडक झालेलं. मग मी चौकोन खोलीएवढा मोठा केला. दार बंद असल्यामुळे थिनर आतच राहत होतं, आणि त्याच चौकोनात आई बसलेली होती. रोज दुपारी डोकं धरून आडवी होणारी.

"आई, फॅन लाव ना."

"आणि उडालेले खडे कोण वेचणार, तू?"

"ते थिनर तुझ्या श्वासात जातंय गं. त्यानेच डोकं दुखतं तुझं. बहुतेक."

"बहुतेक! बहुतेकवर काम अडवून ठेवू होय?"

मीही नुकतंच शिकत होते. तरी तिने दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन आल्या. "ताई, राग मानू नका. तुमच्या थिनरचा वास सरळ आमच्या पाळण्यात येतो. हा खोकतोय बघा."

आईने दार ओढून घेतलं.

"अगं, आणि तू?" मी विचारलं.

"मी काय पाळण्यात आहे?"

वर्गात मॅडमना माझं उत्तर आवडलं. सगळे गेल्यावर मी थांबले. बाहेर सोडण्याशिवाय दुसरा काही उपाय असतो का, असं कसंबसं विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी आत येणारं कमी करायचं." मी मान हलवली. आत येणारं कमी म्हणजे कानातली कमी, आणि कमी माल करणाऱ्या बाईकडे काम देणारा माणूस पुन्हा माल टाकत नाही, हे मला त्यांना सांगता आलं नाही.

आता कॉलेजातून आले की मी बाटलीचं झाकण हातात धरून आईजवळ बसते. तिने फडकं भिजवलं की लगेच बाटली बंद करते. तेवढं तरी उडायचं वाचतं.

"डोकं दुखतंय?"

"नाही गं," ती मान वर न करता म्हणते, आणि पुढचं कानातलं उचलते.