धुराड्याचं झाकण आणि मंदारची आई

"तुमचा फोन वाजतोय," मंदार म्हणाला.

"फोन नाही तो. काकूंना घेऊन आधी बाहेर चला."

माझ्या पट्ट्याला एक छोटा मीटर लावलेला असतो. हवेत कार्बन मोनॉक्साइड असला की तो कोकलायला लागतो. या वायूला ना वास, ना रंग. गॅस अर्धवट जळला की तो तयार होतो आणि घरात साठला तर माणूस बसल्या जागी जातो. मी इथे नोव्हाय गावात बरीच वर्षं गॅस फायरप्लेसची, म्हणजे घरातल्या गॅसवरच्या शेकोटीची, सर्व्हिस करते, पण दारातून चार पावलं टाकल्याबरोबर मीटर कोकलला असं फार थोड्या वेळा झालंय.

मंदार तिथेच उभा. "एक मिनिट, आईचं जॅकेट बघतो. तिला थंडी सोसत नाही."

"माझ्या व्हॅनमध्ये हीटर आहे. निघा."

मी फायरप्लेस बंद केली, दार सताड उघडं टाकलं, दोघांना व्हॅनमध्ये बसवलं आणि ९११ या आपत्कालीन नंबरला फोन केला.

खरं तर त्याने मला बोलावलं होतं साध्या तक्रारीसाठी. फायरप्लेसची मागची वीट काळी पडत होती. "हल्ली गॅसच चांगला येत नाही बहुतेक," असं निदानही त्याने फोनवर करून टाकलं होतं. मी म्हटलं होतं, मी येईपर्यंत पेटवू नका. पण आमच्या लोकांना सूचना ही दुसऱ्यांसाठी असते असं वाटतं. मी आल्यावर दार उघडून त्याने आधी माझ्या मागे पाहिलं होतं, टेक्निशियन कुठे राहिला म्हणून. त्याची मला सवय आहे.

व्हॅनमध्ये काकू डोकं धरून बसल्या होत्या. दीड महिन्यापूर्वी नागपूरहून आलेल्या. "आल्यावर पहिले काही दिवस बरे गेले," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून डोकं दुखून राहिलं. मळमळते. देवळात गेली की बरं वाटते, घरी आली की पुन्हा तेच. पोराचा संसार आपल्याला पाहवत नाही की काय, असं वाटायला लागलं होतं बाई मला."

मंदार हळू आवाजात मला म्हणाला, "तिचं मन लागत नाही इथे. मी आणि बायको दिवसभर ऑफिसात. ही एकटीच फायरप्लेससमोर बसून असते. सहा महिन्यांसाठी आणलं होतं, पण रविवारचं परतीचं तिकीट काढलंय."

मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं. आई कोमेजतेय हे त्याला दिसत होतं. कारण तेवढं तो भलतीकडे शोधत होता.

फायर डिपार्टमेंटची माणसं आली. त्यांनी गॅस बंद केला, घरातली कोंडलेली हवा बाहेर काढली, काकूंच्या बोटाला चिमटा लावून रक्तात वायू किती भिनलाय ते तपासलं आणि ऑक्सिजन लावून हॉस्पिटलला नेलं. आणखी काही दिवस असेच गेले असते तर रविवारी विमानात बसायला काकू राहिल्या नसत्या, हे तिथल्या डॉक्टरने मंदारला अगदी रोखठोक सांगितलं.

काकू घरी आल्यावर मी पुन्हा गेले आणि फायरप्लेसमध्ये डोकं घातलं.

आतली लाकडं खोटी असतात, सिरॅमिकची. पण ती वाटेल तशी रचायची नसतात. कुठलं कशावर ठेवायचं याचं चित्र मॅन्युअलमध्ये असतं. ज्वाला लाकडाला अडली की गॅस नीट जळत नाही, काजळी धरते. इथे तर चुलीत सारतात तशी, तोंडाला तोंड लावून, सुबक रचलेली होती.

"दिवाळीत मी काढून पुसली," काकू सोफ्यावरून म्हणाल्या. "कशीही पडली होती. नीट लावून ठेवली."

मग मी वर हात घातला. धुराड्याच्या तोंडाशी लोखंडी झाकण असतं, त्याला डँपर म्हणतात. गॅसची लाकडं असतील तर ते पूर्ण बंद होऊ नये म्हणून त्यावर एक क्लॅम्प बसवतात. इथे झाकण घट्ट बंद.

"क्लॅम्प कुठाय?"

मंदारने ड्रॉवरमधून झिपलॉकची पिशवी काढली. वर लेबल: डँपर क्लॅम्प. व्यवस्थितपणात माणूस कुठे कमी नव्हता.

"आई यायच्या आधी काढला. तिथून थंडी आत यायची. एनर्जी लॉस," तो म्हणाला.

"मी म्हटलं होतं याला," काकू म्हणाल्या. "जाळ आहे तर धुराडं उघडं पाहिजे. तर म्हणे, आई, गॅसला धूर नसतो."

"आणि अलार्म?"

तो त्याच ड्रॉवरमध्ये, कापसाच्या वातींशेजारी. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्हींचा मिळून एकच अलार्म होता. वास्तुशांतीच्या होमात तो बोंबलला, भटजी मंत्र विसरले, म्हणून उतरवला. परत लावायचा राहिला.

"तुम्ही काम काय करता?" मी सहज विचारलं.

त्याने खाली पाहिलं. "एमिशन्स. गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काय काय निघतं, ते मोजतो."

मी लाकडं चित्राप्रमाणे लावली, क्लॅम्प बसवला, अलार्म भिंतीवर चढवला, फायरप्लेस पेटवून मीटर पाहिला आणि वर्षातून एकदा सर्व्हिस करून घ्या असं सांगून निघाले. रविवारचं तिकीट कॅन्सल झालं.

महिन्याभराने काकूंचा फोन आला. डोकं दुखायचं थांबलं होतं, जेवण जात होतं.

"पण बाई, खरं सांगू? करमत नाहीच मला इथे. मंदारला म्हटलं, तर म्हणे, पुन्हा लीक असेल, टेक्निशियनला बोलावतो. तू ये. काही बोलू नको, फक्त त्याला मीटर दाखव."

गेले. घरभर फिरले. फायरप्लेससमोर, स्वयंपाकघरात, काकूंच्या खोलीत. मग मीटर मंदारच्या हातात दिला. शून्य होतं.

त्याने आकडा पाहिला आणि मीटर मला परत दिला. घरातला गॅस मीटर सांगतो. बाकीचं ज्याचं त्याला विचारावं लागतं, आणि त्याने सांगितलं तर ऐकावं लागतं.

"आई, कधीचं तिकीट बघू?" त्याने विचारलं.

"संक्रांतीच्या आधीचं," काकू म्हणाल्या. त्या रविवारसाठी भरलेली बॅग त्यांनी रिकामी केलीच नव्हती.