पित्रातली चौकट

आमच्या घराचं दार बुटकं आणि रुंद होतं. कापसाची गाठोडी अंगणातून सरळ आत यावीत म्हणून सासऱ्यांनी बांधतानाच तसं ठेवलं. लाकूड मात्र आखूड मिळालं, म्हणून आत येणाऱ्याला वाकावं लागे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तेच दार. घराला दुसरं नाही. खालून ते उधईनं खाल्लं, चौकट पोकळ झाली आणि कडी-कोयंडा ओढला की हातात येऊ लागला.

एरवी मी तसंच चालवलं असतं. पण मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विसर पडत चालला होता. आधी कामं विसरले, मग माणसं, मग मला. मला मावशी म्हणू लागले. रोज दुपारी दाराशी उभे राहायचे.

"मावशे, दार उघड. बैलाले पानी दाखवाचं आहे."

बैल विकून जमाना झाला होता. नाल्याकाठचा हौद शेवाळून पडला होता. पण ते दार ढकलायचे, आणि दोनदा गेलेही. लोकांनी धरून आणलं. म्हणून मला पक्कं दार हवं होतं, आणि कडी खाली, उंबऱ्यापाशी. त्यांना मान वाकवता येई, पण गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसे.

मुलगा तयार दार बघायला नांदुऱ्याला जाऊन आला. दुकानातली सगळी दारं उंच आणि अरुंद. दुकानदार म्हणे भिंत वरून फोडा, बाजूनं भरा. आमची भिंत मातीची, वर धाब्याचं, मातीच्या सपाट छपराचं, ओझं. फोडली असती तर आम्ही सगळेच खाली गाडलो असतो.

मग मोताळ्याहून मिस्तरी आणला. त्यानं टेप लावला, पुन्हा लावला आणि गुंडाळून खिशात टाकला.

"काकू, घर एका अंगानं बसलं आहे. चारी कोपरे चार तऱ्हेचे. जुनं दार चौकटीसकट नेतो, त्याच्यावरच नवीन कापतो."

"अन् तोवर?"

"तोवर बाज लावा आडवी. लवकर देतो."

त्यानं वरच्या लाकडाला टेकू दिला आणि दार गाडीत घालून नेलं. भिंतीला नुसतं तोंड उरलं. मी ताडपत्री टांगली, बाज आडवी लावली आणि दिवसभर तिच्यावर बसून राहिले. मालक येऊन मला ढकलायचे. मी हलत नसे.

मिस्तरीनं शब्द पाळला. दार तयार आहे, असा त्याचा फोन आला. पण तोवर पित्रांचा पंधरवडा लागला होता. शेजारी राहणारे माझे दीर आले.

"वहिनी, पित्रात चौकट बशवत नसतेत. घरात मरन येते."

"बिनादाराचं काय येते मंग?"

मुलगा मधे पडला. "आई, काका म्हनते तं ऐक ना. पंधरा दिवसाचा तं प्रश्न आहे."

"तुह्या बापाले पंधरवडा समजते का बे?"

 पण दार आणलं नाही.

सासऱ्यांची तिथी आली. श्राद्धाचं पान आमच्याकडेच, कारण मालक थोरले. मी चुलीपाशी वडे तळत होते. भाऊबंद जेवायला यायचे होते, म्हणून कोणीतरी बाज उचलून त्यांना बसायला लिंबाखाली नेली. कोणी, ते आजवर कोणी सांगत नाही. धाब्यावर कावळ्याला घास ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. दीर, मुलगा, आलेले सगळे वर जाऊन काव काव करत उभे होते. मी ताट घेऊन पुढच्या खोलीत आले तर मालकांची खुर्ची रिकामी.

ते हौदापाशी सापडले. शेवाळावरून घसरले होते. अर्धं अंग चिखलात. मला बघून म्हणाले, "बैल प्याले का?"

खुबा मोडला होता. बुलढाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात, या छातीला ऑपरेशन झेपायचं नाही, घरी न्या. चौघांनी बाजेवर घालून आणलं. वाकून का होईना, बाज तिरकी न करता सरळ आत आली. दुकानातलं अरुंद दार बसवलं असतं तर तेही जमलं नसतं.

घटस्थापनेला चौकट बसली. दिरांनी स्वतः कुंकू लावलं, नारळ फोडला.

"आता कसं शुभ झालं, वहिनी."

"भाऊजी, नारळ फुटला ना? मंग जा घरी."

ते गेले. खोबरं मी कोणाला वाटलं नाही.

दार चांगलं झालं आहे. चारी कोपऱ्यांत कुठं फट नाही, ढकलून हलत नाही. शेवटी मिस्तरी कडी हातात घेऊन उंबऱ्यापाशी बसला.

"काकू, खालतंच ठोकू ना? तुमी म्हनल्या होत्या."

आतून मालक कण्हत होते. त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली.

मी म्हटलं, "आता कुठंबी ठोका."

त्यानं ती मधोमध लावली, सगळ्यांच्या दारांना असते तशी. मालक अजून आहेत. पाठीला जखमा झाल्या आहेत, दोन वेळा धुवाव्या लागतात. दुपारी कधीतरी विचारतात, "मावशे, दार उघडलं का?"

उघडंच असतं. दिवसभर उघडं ठेवते, वास बाहेर जावा म्हणून.