तीन लाखांची फौज

आबा मास्तर वर्गात शिरले की आधी खिडक्या लावून घेत. पुढच्या अर्ध्या तासात त्या खोलीत लाखो माणसं कापली जाणार असत, आणि तो गलबला शेजारच्या माझ्या गणिताच्या वर्गाला बाधू नये एवढीच त्यांची इच्छा. उपयोग शून्य. माझी पोरं त्रैराशिक टाकून भिंतीला कान लावत.

वाशीमच्या आमच्या शाळेत आबा इतिहास शिकवायचे. राहायला अनसिंगला. त्याच गावाबाहेरच्या माळावर आमच्या शाळेचे अध्यक्ष बापूसाहेब पाटील यांच्या खापरपणजोबांनी मूठभर स्वारांनिशी निजामाची तीन लाख फौज उधळली, हा त्यांचा हातखंडा प्रसंग. "तीन लाख! डोळ्यांपुढं आना, लेकहो!" असं ते गरजत. पोरांच्या डोळ्यांपुढं किती यायचे कोण जाणे, पण पाटलांच्या डोळ्यांपुढं सगळे येत. समारंभात आबांची खुर्ची हेडमास्तरांच्याही आधी मांडली जाई.

मग महायुद्धातल्या एका उन्हाळ्यात खरीखुरी पलटण आली आणि नेमकी त्याच माळावर उतरली. आबांना सण झाला. ठेवणीतला कोट घालून ते फौज बघायला निघाले, मलाही ओढून नेलं. तोवर गावातल्या विहिरींना चिखल लागला होता. खेचरांनी कडब्याच्या गंजी फस्त केल्या होत्या. कोंबड्यांचा आवाज बंद होता, आणि करीमभाईंच्या दुकानात मीठ तेवढं उरलं होतं.

आबांनी एका हवालदाराला अदबीनं विचारलं, "कितनी फौज है, साहब?"

"एक ही पलटन है, मास्टरजी. हजार भी पूरे नहीं."

आबांचा चेहरा पडला. आबांच्या घरी आलो तर वहिनी रिकामी घागर घेऊन दारात उभ्या. "चहा मांगू नका. घरात घोटभर पानी नाई."

आबा ओट्यावर बसले. म्हणाले, "हजार मानसानं गाव कोरडं केलं. मंग थे तीन लाख काय पेले असतीन?"

"शौर्य," मी म्हणालो.

ते हसले नाहीत.

सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी त्यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "तो आकडा खोटा हाये. त्या माळावर पाच हजार मानूस बी टिकत नाही. मी तुमाले चूक शिकवलं."

यात एकच अडचण होती. पाटलांनी त्या माळावर विजयस्तंभ उभारायला घेतला होता. दगडावर तीन लाख कोरायचे होते, कलेक्टरसाहेब येणार होते, आणि मुख्य भाषण आबांचं होतं. पाटलांनी आम्हा मास्तरांना वाड्यावर बोलावलं.

"काहो मास्तर, दुश्मन कमी केला त आमचा खापरपंजा लहान होते ना!"

"पन पाटील, तिथं तेवढं पानी नाही."

"बरं, दोन लाख करा."

"पाच हजार."

"दीड! अहो, बैलबाजारात बी कोनी इतकं तानत नाही!"

"पाच हजार बी जास्तच होतात."

"पाच हजारासाठी कोनी दगड कोरते काय?" पाटील ओरडले.

आम्ही बाकीचे मास्तर सत्याच्या बाजूनं होतो. मनातल्या मनात. तोंडानं आम्ही पाटलांच्या चिवड्याची तारीफ केली.

समारंभाला पाटलांनी लिहून दिलेलं भाषण आबांनी शब्दन् शब्द वाचलं. फक्त आकड्याशी थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आणि समोर, या गावच्या विहिरींचं पाणी पुरेल एवढी फौज होती." अनसिंगची माणसं खो खो हसली. कलेक्टरसाहेबांना कुणीतरी इंग्रजीत समजावलं, तेही हसले. पाटील हसले नाहीत. महिन्याभरात 'इतिहासाचे ज्ञान अपुरे' म्हणून आबांची नोकरी गेली. इतकी वर्षं ते पुरेसं होतं.

आबा आसेगावला मेव्हण्याच्या आधारानं राहिले, तिथं लहान पोरांना अक्षरं शिकवू लागले. दोनेक वर्षांनी भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर होते, छाती भात्यासारखी चालत होती. मी बातमी दिली : नागपूरचे एक विद्वान स्तंभ बघून गेले, शिलालेखाचा भक्कम पुरावा म्हणून तीन लाख आपल्या ग्रंथात घालणार आहेत.

आबा एवढे हसले की वहिनी धावत आल्या.

"अहो, त्या लढाईच्या बखरीत आकडाच नाही," दम लागत ते म्हणाले. "नुसतं 'बेसुमार फौज' लिवलं हाये."

"मग तीन लाख आले कुठून?"

"उन्हाळ्याचे दिस होते. जेवनाच्या सुट्टीनंतरचा तास. पोरं पेंगून राह्यली होती." त्यांनी डोळे पुसले. "एक लाख म्हनलं, कोनी हललं नाही. दोन म्हनलं, एकानं डोळे उघडले. तीन म्हनल्यावर सारे उठून बसले."

त्या थंडीत आबा गेले. विद्वानांचा ग्रंथ पुढच्या साली आला, तीन लाखांसकट.